चढाला ऑटोमॅटिक, उताराला मॅन्युअल: फोर बाय फोरचा गिअरबॉक्स निवडताना

जिम्नी, थार, रॉक्स, स्कॉर्पिओ-एन, व्ही-क्रॉस, फॉर्च्युनर. आज भारतात फोर बाय फोर घ्यायची म्हटली, तर यातल्या प्रत्येकीत मॅन्युअलही मिळते आणि ऑटोमॅटिकही. फोर्स गुरखा घेणारा या डोकेदुखीतून सुटतो, कारण तिच्यात मॅन्युअलच आहे. बाकीच्यांच्या कानावर दोन वाक्यं हमखास पडतात: ‘खरा ऑफरोडिंगवाला मॅन्युअलच घेतो’ आणि ‘आता मॅन्युअल कोण घेतं?’ दोन्ही वाक्यांनी चिखलातली गाडी बाहेर येत नाही.

प्रश्न खरं तर एवढाच आहे की तुमची गाडी जास्त वेळा कुठे अडचणीत येणार? हळू, अवघड चढावर ऑटोमॅटिक माणसाच्या चुका पोटात घालते. तीव्र उतारावर आणि मदतीपासून लांब मॅन्युअल जास्त भरवशाची ठरते. असं का होतं ते कळलं की निवड सोपी होते, आणि जी घ्याल तिची कमजोर बाजू सांभाळायलाही जमतं.

आधी बघा, ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कोणती?

‘क्लच पेडल नाही’ एवढ्यावरून काही ठरत नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. चढावर चाक दगडाला टेकलं की ते यंत्रही आपल्यासारखाच हाफ क्लच धरतं आणि क्लच प्लेट तापवतं, आणि तुम्हाला पायाला काही कळतही नाही. डीसीटीची गत साधारण तशीच, फक्त क्लच दोन. सीव्हीटीत गिअरऐवजी पट्टा असतो, आणि तो धक्के आणि सततचा भार यांना कंटाळतो. खडबडीत वाटेवर ज्या ऑटोमॅटिकचा विचार करायचा ती टॉर्क कन्व्हर्टरवाली, आणि वर नावं घेतलेल्या गाड्यांमधली ऑटोमॅटिक त्याच जातीची आहे. पुढे ‘ऑटोमॅटिक’ म्हटलं की हीच समजा.

कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात लोखंडी जोड नसतो. मध्ये तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल ढकलतो, गिअरबॉक्सकडचा पंखा त्या तेलाने फिरतो, आणि दोघांच्या मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतो. चाकं थांबलेली आणि इंजिन जोर लावतंय, अशा क्षणी हा उद्योग इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट करतो. चाकं वेगात आली की ही वाढ संपते. म्हणजे सर्वात जास्त जोर नेमका गाडी अडलेली असताना मिळतो. किंमत दोन रूपांत मोजावी लागते. एक उष्णता. दुसरी ही की चाकांकडून इंजिनाकडे जोर उलटा येतो, तेव्हा हे दुप्पट-बिप्पट काही होत नाही.

कागद-पेन्सिल घ्या

कुठल्याही गाडीचा क्रॉल रेशो तीन आकड्यांच्या गुणाकाराने निघतो: पहिल्या गिअरचा रेशो, फोर लोचा (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणाऱ्या जोडीचा) रेशो आणि फायनल ड्राइव्हचा (चाकांआधीच्या शेवटच्या दात्यांचा) रेशो. इंजिनाचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, ते या आकड्यातून कळतं. जिम्नीचंच उदाहरण घेऊ. एकच इंजिन, एकच ट्रान्स्फर केस (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी आणि फोर हाय-फोर लो बदलणारी पेटी) आणि दोन गिअरबॉक्स, त्यामुळे तुलना स्वच्छ होते.

मॅन्युअल: ४.४२५ × २.००२ × ४.०९० = सुमारे ३६.
ऑटोमॅटिक: २.८७५ × २.००२ × ४.३०० = सुमारे २५.

कागदावर मॅन्युअल पुढे दिसते. पण अडलेल्या चाकाला कन्व्हर्टर दुप्पट टॉर्क देतो, तेव्हा ऑटोमॅटिकचे २५ हे ५० सारखे वागतात. चढावर ती पुढे निघते ती या हिशोबाने. उतारावर मात्र २५ चे २५ च राहतात.

आता हेच वेगात मांडू. १९५/८० आर १५ टायरचा घेर साधारण २.१८ मीटर. ताशी ६ किलोमीटरने उतरताना मॅन्युअलचं इंजिन १,६५० ते १,७०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) फिरत असतं, म्हणजे गाडीला चांगलं मागे ओढून धरतं. त्याच वेगाला ऑटोमॅटिकचं इंजिन १,१०० ते १,१५० वर, आयडलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं त्या वेगाच्या, जरासं वर. तिथे धरायला इंजिनात फारसं काही उरत नाही.

रिव्हर्सचा आकडा तर बहुतेक जण बघतच नाहीत. मॅन्युअल जिम्नीचा रिव्हर्स ५.१५१, म्हणजे फोर लोमध्ये एकूण ४२ च्या आसपास. ऑटोमॅटिकचा २.३००, म्हणजे एकूण २० सुद्धा नाही. चढ पूर्ण न झाल्यामुळे गाडी ताशी ४ किलोमीटरने मागे उतरवायची असेल, तर मॅन्युअलचं इंजिन सुमारे १,३०० आरपीएमवर गाडी तोलून धरतं. ऑटोमॅटिकमध्ये हिशोब येतो ६०० चा, म्हणजे आयडलच्याही खाली. इंजिन धरतच नाही आणि सगळा भार ब्रेकवर.

तुम्ही बघत असलेल्या गाडीचे हे चार आकडे (पहिला गिअर, रिव्हर्स, फोर लो, फायनल ड्राइव्ह) मागून घ्या आणि हाच गुणाकार करा. सहा किंवा जास्त गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर सहसा खोल असतो, त्यामुळे तिथे फरक जिम्नीइतका मोठा निघेलच असं नाही.

टॉर्कचाही एक मुद्दा आहे. काही कंपन्या त्याच इंजिनातून ऑटोमॅटिकला जास्त टॉर्क देतात. २.८ लिटर डिझेल फॉर्च्युनरला मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर, फोर बाय फोर स्कॉर्पिओ-एन डिझेलला ३७० आणि ४००, थार पेट्रोलला ३०० आणि ३२०. जिम्नीत दोन्हीकडे १३४ च.

एक दगड, दोन गाड्या

पुढच्या चाकासमोर वीस-पंचवीस सेंटीमीटरचा कातळाचा टप्पा आहे. गाडी फोर लोमध्ये, पहिल्या गिअरला.

ऑटोमॅटिक: चाक दगडाला हळूच टेकवा. उजव्या पायाने ॲक्सिलरेटर थोडा थोडा वाढवा. गाडी थांबलेली दिसते, पण आत कन्व्हर्टर जोर साठवत असतो. मग चाक दगडावर चढायला लागतं. घोळ होतो तो चाक माथ्यावर पोचल्यावर. भार एकदम सुटतो, साठलेला जोर मोकळा होतो आणि गाडी पुढे उडी मारून पलीकडे आदळते. बंपर, टाय रॉड, कधी डिफरन्शिअलचा खालचा भाग, जे लागेल ते लागतं. म्हणून इथे डावा पाय ब्रेकवर हलका ठेवायचा आणि चाक माथ्यावर आलं की ॲक्सिलरेटर सोडण्याच्या आधीच ब्रेक लागायला सुरुवात झाली पाहिजे. ही सवय रिकाम्या मैदानावर लावा, दगडावर नको. काही गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबली की इंजिनाची ताकद कापतात. तुमची गाडी तसं करते का, ते टेस्ट ड्राइव्हलाच बघून घ्या.

मॅन्युअल: क्लच पूर्ण सोडलेला, पाय पेडलवरून काढलेला, इंजिन आयडलच्या जरा वर. डिझेल असेल तर बहुतेक वेळा चाक तसंच चढून जातं आणि पलीकडे तितक्याच शांतपणे उतरतं, कारण मध्ये काही साठत नाही. पेट्रोलमध्ये खालच्या आरपीएमला दम कमी, त्यामुळे इंजिन गचके खातं आणि बंद पडतं. दुसऱ्या वेळी माणूस हाफ क्लच धरतो. तिसऱ्या वेळी आरपीएम अडीच हजार आणि हाफ क्लच. चौथ्या वेळेपर्यंत जळका वास येतो. क्लच प्लेट दगडापायी जात नाही, ती या तीन प्रयत्नांत जाते. मॅन्युअलचा नियम कडक आहे: फोर लोमध्ये क्लच एक तर पूर्ण दाबलेला, नाहीतर पूर्ण सोडलेला. मधलं काही नाही. इंजिन बंद पडतंय तर पडू द्या, दगड रचून टप्पा लहान करा आणि पुन्हा या.

चढ अर्ध्यात सुटला तर

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर, विशेषतः पहिल्या दोन पावसांनंतर जांभ्यावर शेवाळं धरलं की हे होणारच. यात नेहमी होणारी वाईट चूक म्हणजे घाबरून क्लच दाबणं (मॅन्युअल) किंवा लिव्हर न्यूट्रलला नेणं (ऑटोमॅटिक). दोन्हींत गाडी मोकळी सुटते आणि फोर लोमुळे वाटलेला सगळा भरवसा एका क्षणात जातो. गाडी आडवी वळवून उतरायचा मोह त्याहून वाईट. तीव्र उतारावर आडवी गाडी कोलमडते.

मॅन्युअलमध्ये क्रम असा ठेवा:

१. गाडी थांबली की आधी पायाचा ब्रेक घट्ट. इंजिन बंद पडलं तरी चालेल, गिअर तसाच राहू दे. हँडब्रेक ओढा.
२. स्टिअरिंग सरळ करा. मागची वाट आरशात बघा. खाली कोणी उभं असेल तर त्याला बाजूला व्हायला लावा.
३. ब्रेक दाबूनच ठेवा, क्लच दाबा, रिव्हर्स टाका आणि इंजिन सुरू करा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत, म्हणून ब्रेकचा पाय मुळीच ढिला नको.
४. क्लच सावकाश सोडायला लागा. इंजिन पकडतंय हे जाणवलं की हँडब्रेक काढा, मग पायाचा ब्रेक हळूहळू कमी करा आणि त्याबरोबर क्लच पूर्ण सोडा.
५. डावा पाय फूटरेस्टवर. गाडी इंजिनाच्या धरणीवर मागे येईल. ब्रेक लागलाच तर हलका द्या. मागे उतरताना वजन मागच्या चाकांवर जातं, पुढची चाकं हलकी होतात. जोरात ब्रेक दिला की तीच आधी लॉक होतात, आणि मग स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसतो.

ऑटोमॅटिकमध्ये पायऱ्या कमी आहेत, पण त्यांना जास्त जपावं लागतं. पायाचा ब्रेक घट्ट, मागे नजर, लिव्हर थेट आर वर, डॅशबोर्डवर आर दिसलं याची खात्री, आणि मग ब्रेकवर तोलत तोलत मागे. लिव्हर डी मध्ये असताना गाडी मागे घरंगळू देऊ नका. चाकं उलटी, गिअर पुढचा, अशा ओढाताणीत इंजिन बंद पडू शकतं. मग स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक बूस्टरमध्ये उरलेल्या दोन-तीन दाबांवर सगळं भागवावं लागतं. चढावर थांबून पी टाकायचीच वेळ आली, तर आधी हँडब्रेक, गाडी त्यावर टेकू द्या, आणि मगच पी. नाहीतर पूर्ण गाडीचं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं, आणि नंतर लिव्हर पी मधून निघता निघत नाही.

इथे जाता जाता एक गोष्ट, जिच्यामुळे गाड्या दरीत गेल्या आहेत: ट्रान्स्फर केसचा लिव्हर न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरबॉक्स पी मध्ये असो की पहिल्या गिअरमध्ये, चाकं मोकळी असतात. फोर हायवरून फोर लोला जाताना लिव्हर मध्ये अडकला आणि तुम्ही खाली उतरलात, तर गाडी चालू लागेल. फोर लो सपाट जागेवर, पूर्ण थांबून टाका. ऑटोमॅटिक एन मध्ये, मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबलेला. लिव्हर बसत नसेल तर एखाद मीटर पुढे-मागे सरकून पुन्हा ढकला, कारण दाते समोरासमोर आलेले असतात. फोर लोचा दिवा स्थिर लागेपर्यंत ब्रेकवरचा पाय हलवू नका.

उतार

मॅन्युअलला इथे शिकवण्यासारखं फार काही नाही. वरच फोर लो, पहिला गिअर, क्लच सोडलेला, दोन्ही पाय मोकळे. ब्रेक जेवढा कमी, तेवढी चाकं फिरत राहतात आणि फिरणारं चाकच वळतं. चाकं घसरायला लागली तर उलटं वाटलं तरी ॲक्सिलरेटर किंचित द्या, म्हणजे चाकाचा वेग गाडीच्या वेगाशी जुळतो आणि पकड परत येते.

ऑटोमॅटिक डी मध्ये ठेवून उतरणं ही नवख्यांची सर्वात नेहमीची चूक. वेग वाढला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो आणि उरलीसुरली धरणीही जाते. वर असतानाच मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर पकडा. जुन्या पद्धतीच्या चार गिअरवाल्या बॉक्समध्ये लिव्हर एल वर आणा. मग हिल डिसेंट कंट्रोल लावा. तो एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक देतो, जे माणसाच्या पायाला शक्य नाही, आणि ओल्या मातीत फार उपयोगी पडतो. पण तो ब्रेकच आहे. लांब उतारावर पॅड तापतात आणि काही गाड्यांत तापमान वाढलं की यंत्रणा स्वतःच बाजूला होते. उतार लांब असेल तर मध्ये थांबा, पाच-दहा मिनिटं चाकांना वारा लागू द्या.

काळी माती, लाल चिखल, वाळू

चिखलात गती मोडू न देणं हे निम्मं काम. मॅन्युअलमध्ये क्लच दाबून गिअर बदलायला एखादा सेकंद लागतो, तेवढ्यात काळ्या मातीत गाडी उभी राहते. म्हणून गिअर आधीच निवडायचा: फोर लोमध्ये दुसरा किंवा तिसरा, आणि पलीकडे जाईपर्यंत त्याच गिअरमध्ये. पहिल्या गिअरला जोर इतका होतो की चाकं जागेवर फिरून खड्डा करतात. ऑटोमॅटिक गिअर बदलताना जोर तोडत नाही, तो तिचा फायदा. पण चाकं घसरली की तिला वाटतं वेग वाढला, मग ती वरचा गिअर टाकते. चाकांनी पकड घेतली की परत खालचा. ही चुळबुळ टाळायला इथेही दुसरा गिअर हाताने पकडून ठेवा. ईएसपी (गाडीची घसरण रोखणारी यंत्रणा) चिखलात इंजिनाची ताकद कापते, म्हणून बंद करा. बऱ्याच गाड्यांत फोर लो टाकलं की ती आपोआप बंद होते.

काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग कुठलाही गिअरबॉक्स असला तरी चार गुळगुळीत रूळच फिरत असतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या ओल्या शेतवाटेवर गिअरबॉक्सपेक्षा टायर आणि हवा जास्त बोलतात. रस्त्यावर ३० ते ३३ पीएसआय असेल, तर दगड-चिखलात २२ ते २५, मऊ वाळूत १८ च्या आसपास. बीडलॉक (टायर रिमला आवळून धरणारी कडी) नसलेल्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिम सोडतो. परतताना हवा भरायला पंप लागतो, हे निघण्याआधी आठवलेलं बरं.

वाळूत मात्र ऑटोमॅटिक उजवी, राजस्थानातल्या टेकड्यांवर तर निर्विवाद. कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न येऊ देऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यावर बंदी आहे, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. वनखात्याच्या जमिनीचंही तेच: परवानगीशिवाय वाट सोडू नये.

पाण्यात

कंपनीने दिलेली पाण्याची मर्यादा पाठ करा. थारसाठी ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७००. हे आकडे शांत पाण्याचे आहेत. वाहत्या ओढ्यात गुडघ्यापर्यंतचं पाणीही गाडी सरकवतं.

मॅन्युअलमध्ये फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि मध्ये क्लचला हात म्हणजे पाय लावायचा नाही. क्लच दाबला की प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यात फट पडते. गढूळ पाणी आत गेलं की प्लेट घसरते, आणि पाणी वाळल्यावर मागे राहिलेली बारीक रेती प्लेट आणि रिलीज बेअरिंग दोन्ही खाते. ऑटोमॅटिकमध्ये ही भानगड नाही. पहिला-दुसरा गिअर पकडा आणि सारखा ॲक्सिलरेटर द्या.

दोघींना लागू होणारा धोका ब्रीदरचा, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या नळीचा. तापलेला गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. मॅन्युअलचं गिअर ऑइल पांढुरकं झालं तर ते बदलून बहुधा निभावतं. ऑटोमॅटिकच्या एटीएफमध्ये (गिअरबॉक्सच्या तेलात) पाणी शिरलं की ते गुलाबी दुधासारखं दिसतं, आणि आतल्या क्लच प्लेट्सचा लेप सुटायला लागतो. असं दिसलं की गाडी चालवत घरी आणू नका. ओढ्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि ब्रीदरचे पाइप बॉनेटपर्यंत वर नेऊन घ्या. काम किरकोळ आहे, पण ऑटोमॅटिक घेणाऱ्याने ते पहिल्या पावसाळ्याआधीच करावं.

तापल्यावर काय करायचं

एटीएफ साधारण ८० ते ९५ अंशांत सुखात असतं. १२० च्या पुढे ते झपाट्याने खराब होतं. वाळूत रुतलेली गाडी डी-आर, डी-आर करून झुलवणं हा तिथे पोचायचा सर्वात जवळचा रस्ता. तीन-चार प्रयत्नांत निघाली नाही तर फावडं काढा. तापमानाचा दिवा लागला तर गाडी थांबवून पी मध्ये ठेवा, पण इंजिन बंद करू नका. एटीएफचा पंप इंजिनावरच फिरतो. इंजिन बंद केलं की गरम तेल कूलरपर्यंत पोचत नाही. दिवा गेल्यावरही थोडा वेळ तसंच राहू द्या. घरी आल्यावर रेडिएटर आणि कूलरच्या जाळीतला चिखल मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर जाळीची पाती वाकतात.

क्लचचा वास आला तर उलट: गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू आणि क्लच पेडल पूर्ण सोडलेलं. प्रेशर प्लेट फिरत राहते आणि क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचात हवा खेळते. वीस ते तीस मिनिटं द्या. वास गेला म्हणून लगेच त्याच चढाला जाऊ नका.

बंद पडली तर

ही मॅन्युअलची खरी श्रीमंती. बॅटरी उतरली तर उतारावर धक्का स्टार्ट होते. ऑटोमॅटिक होत नाही, म्हणून जंप केबल किंवा स्टार्टर पॅक गाडीत ठेवावाच लागतो. टोचन करून नेतानाही तेच: इंजिन बंद असताना एटीएफचा पंप बंद, आणि चाकं फिरत राहिली की गिअरबॉक्स कोरडा घासतो. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला नेऊन ओढायची मुभा काही गाड्यांत आहे, काहींत नाही. पुस्तिकेतलं ते पान आधीच वाचून ठेवा आणि शंका असेल तर फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा.

दुरुस्तीत फरक आणखी वाढतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच तालुक्याच्या गावातला चांगला मिस्त्री एका दिवसात बदलतो. ऑटोमॅटिक बिघडली तर संगणक लावणारं वर्कशॉप लागतं आणि बॉक्स शहरात जातो. पण हेही खरं की एटीएफ वेळेवर बदललं आणि तापू दिलं नाही तर ती सहसा बिघडतच नाही, आणि क्लच मात्र अनाडी हातात एका दुपारी संपतो.

मग ठरवायचं कसं

मागच्या सहा महिन्यांतलं तुमचं गाडी चालवणं कागदावर लिहा. हिंजवडी किंवा ठाण्याच्या गर्दीत रोज दीड तास आणि महिन्यातून एकदा कच्ची वाट, असा हिशोब असेल तर ऑटोमॅटिक घ्या आणि वाद मिटवा. सकाळभर क्लच मारून दुखणारा डावा गुडघा शनिवारी दगडावर अचूक पाय देत नाही. घरात गाडी चालवणारे दोघं-तिघं असतील आणि त्यातले सगळे फोर लोमध्ये तयार नसतील, तरी उत्तर तेच.

एकटी गाडी घेऊन लांब जात असाल, लाहौल-स्पिती, झंस्कार, कुठेही जिथे दुसरी गाडी दिवसातून एकदा दिसते, तर मॅन्युअल डिझेल. इथे पेट्रोल जिम्नीचं कोडं वेगळं आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, म्हणून साडेचार हजार मीटरवर चढात गाडी उठवताना मॅन्युअलचा क्लच जळायला फार वेळ लागत नाही, आणि कन्व्हर्टर तिथे हात देतो. तरीही मॅन्युअल नेणार असाल तर असे चढ सरळ फोर लोमध्ये घ्या. तो लिव्हर त्यासाठीच आहे.

दगडधोंड्यांतली हळू, मोजूनमापून चालवण्याची आवड असेल तर ऑटोमॅटिक. तीव्र, निसरडे उतार नेहमीचे असतील, उदाहरणार्थ घाटमाथ्यावरच्या शेतघराची वाट, तर मॅन्युअल, किंवा वर केलेल्या गुणाकारात पहिला गिअर आणि रिव्हर्स दोन्ही खोल निघालेली ऑटोमॅटिक. पैशांचा फरकही धरा. जून २०२३ मध्ये जिम्नी आली तेव्हा दोन्ही गिअरबॉक्समध्ये १.२० लाखाचा फरक होता. मॅन्युअल घेऊन वाचलेल्या तेवढ्या पैशांत चांगले ऑल टेरेन टायर, पंप, रिकव्हरी पट्टा आणि एका दिवसाचं प्रशिक्षण बसतं. नवख्याच्या हातात हा संच कुठल्याही गिअरबॉक्सपेक्षा जास्त काम करतो.

जुनी गाडी बघत असाल तर दोन तपासण्या जागेवरच करा. मॅन्युअलमध्ये हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक दाबून, तिसरा गिअर टाका आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. आरपीएम तसाच राहिला तर क्लच घसरतोय. ही तपासणी एकदाच करा, तीच क्लच खाते. ऑटोमॅटिक गार असताना एन मधून डी आणि एन मधून आर टाकून बघा. एक-दीड सेकंदाच्या आत हलका झटका देऊन गिअर बसला पाहिजे. उशीर किंवा धाडकन आवाज म्हणजे सौदा सोडा. एटीएफचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर घ्या: लालसर ठीक, तपकिरी आणि जळक्या वासाचं नको, गुलाबी दुधाळ तर मुळीच नको.

नव्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर संपवू नका. तळघरातल्या पार्किंगचा रॅम्पही पुरे. फोर लो टाकून द्यायला सांगा, पण सुक्या काँक्रीटवर सरळ रेषेतच आणि थोडंच चाला. वळवलं तर चाकांमधला ताण सुटायला जागा नसते आणि ट्रान्स्फर केस करकरते. रॅम्पच्या मध्यावर थांबा आणि पुन्हा पुढे उठवा. मग पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न लावता खाली या आणि स्पीडोमीटर बघा. शेवटी तोच रॅम्प रिव्हर्समध्ये, उलटा उतरा. या शेवटच्या दहा मीटरला तुमचा पाय किती वेळा ब्रेककडे जातो, ते मोजा.